खरपूस की करपलेलं? शिजवलेल्या अन्नातले सूक्ष्म कण आणि आतडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बावीस वर्षं मी अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढली, आणि राहायला पहिल्यापासून लालबागला. त्यामुळे जिन्यात, मिरची गल्लीत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही कुणीतरी अडवून विचारतं. पूर्वी प्रश्न भेसळीचे असायचे. आता सगळ्यांच्या तोंडी 'नॅनो' आलंय. तीच उत्तरं देऊन देऊन घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढते.

शिजवलेल्या अन्नात नॅनोकण असतात हे खरं का? की नुसती आवई?

खरं आहे. आणि ते कुणी बाहेरून घातलेले नसतात, आपल्याच गॅसवर तयार होतात. साखर, पिष्ट, प्रथिनं जोरात तापली की त्यांच्यातलं पाणी निघून जातं, रेणू तुटतात, तुटलेले तुकडे पुन्हा एकमेकांना धरतात. या धराधरीत मुख्यतः कार्बनचे अतिबारीक गोळे बनतात. त्यांना कार्बन डॉट म्हणतात. आकार १० नॅनोमीटरच्या आतबाहेर; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या.

कार्बन डॉट पहिल्यांदा सापडले २००४ साली, तेही कार्बनच्या सूक्ष्म नळ्या साफ करताना. खाण्यापिण्याशी त्याचा संबंध नव्हता. २०१२ मध्ये आयआयटी गुवाहाटीच्या संशोधकांनी पाव, गूळ, साखरेचा पाक जाळून केलेलं कॅरॅमल, कॉर्नफ्लेक्स आणि बिस्किटं तपासली आणि त्यात असे कण असल्याचं दाखवलं. यादीत गूळ आहे हे पाहून मला तेव्हा हसू आलं होतं. म्हणजे गुऱ्हाळावरचा माणूस कित्येक पिढ्या नॅनोतंत्रज्ञान करत होता आणि कुणी त्याला शाल-श्रीफळ दिलं नाही.

हे कण डोळ्यांनी दिसतात का?

दिसत नाहीत, पण त्यांची खूण बघता येते. हे कण अतिनील प्रकाशात चमकतात. आमच्या खालच्या वाण्याकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे. एकदा भाचीला दाखवायचं म्हणून मी स्टीलच्या डावात चमचाभर साखर गडद तांबूस होईपर्यंत जाळली, पाण्यात विरघळवली आणि ते पाणी फिक्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत पातळ केलं. एका ग्लासात ते, दुसऱ्यात साधं पाणी. दुकानातली ट्यूब बंद करून दोन्ही दिव्याखाली धरले. साधं पाणी काळंच राहिलं. साखरेच्या पाण्यात निळसर-हिरवी झाक उठली, पाण्यावर रॉकेलचा तवंग दिसतो ना, तशी. वाण्याने लगेच विचारलं, "ताई, म्हणजे माझा गूळ खोटा?"

खोटा नाही. आणि दिसलेली सगळी चमक कार्बन डॉटचीच असेल असंही नाही. जळलेल्या साखरेत चमकणारे साधे रेणूही भरपूर असतात. वेगळं करायला यंत्रं लागतात. घरी करून बघणार असाल तर ग्लास नीट विसळा, कपड्यांच्या पावडरीचा अंश राहिला तर ग्लासच चमकेल आणि तुम्ही उगाच घाबराल.

मग गूळ, पाव, बिस्किट बंद?

नाही. बिस्किट कमी करा, पण त्याचं कारण मैदा, साखर आणि तूप-तेल. नॅनोकण त्या रांगेत फार मागे उभे आहेत.

हे कण पोटात गेले की नेमकं काय होतं?

इथे थोडं सावकाश वाचा, कारण पुढची सगळी उत्तरं यावर उभी आहेत.

कण जठरात जातो तिथे आम्ल असतं. काही कण त्यात विरघळून संपतात. जे उरतात त्यांना अन्नातली प्रथिनं चिकटतात, अंगावर शाल घेतल्यासारखी. त्यामुळे प्रयोगशाळेत बाटलीतला कोरा कण जसा वागतो तसा पोटातला वागत नाही. बातम्यांत 'नॅनोकणांनी पेशी मेल्या' असं येतं तेव्हा बहुतेक वेळा ताटलीत वाढवलेल्या पेशींवर कोरे कण ओतलेले असतात, आणि तेही मुबलक.

पुढे लहान आतडं, सुमारे सहा मीटर. त्याच्या अस्तरावर म्यूकसचा, म्हणजे बुळबुळीत द्रवाचा थर असतो. बहुतेक कण त्यात अडकतात आणि शेवाळावरून घसरल्यासारखे पुढे सरकतात. अस्तराच्या पेशीही तीन ते पाच दिवसांत झडून नव्या येतात, त्यांच्याबरोबर त्यांनी गिळलेले कणही बाहेर. मोठ्या आतड्यात म्यूकसचे दोन थर असतात. बाहेरच्या सैल थरात जंतू सुखाने राहतात, आतला घट्ट थर जवळजवळ निर्जंतुक असतो.

काही कण मात्र आत घेतले जातात, आणि मुद्दाम घेतले जातात. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पायर पट्टे नावाचे रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके असतात. तिथल्या एम पेशी रस्त्यावरून जाणारा माल थोडा थोडा उचलून आत तपासायला देतात, नाक्यावरचा जकातवाला एखादं पोतं उघडून बघायचा तसं. न पचणारे कण तिथे साठू शकतात. प्रौढ माणसांच्या या पट्ट्यांमध्ये काळपट कण भरलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, आणि त्यात टायटॅनियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन सापडतं. आयुष्यभराचं खाणंपिणं, धूळ, टूथपेस्ट, सगळ्याची ती नोंदवही.

बापरे! म्हणजे साठतात की!

साठतात ते न पचणारे खनिज कण. भाकरी-गुळाचे कार्बन कण वेगळे आणि पाकिटबंद पदार्थात घातलेला पांढरा रंग वेगळा. गल्लत इथेच होते.

शिवाय 'नॅनो' हा आकार आहे, विष नव्हे. दुधात केसीन प्रथिनाचे गोळे असतात, सरासरी दीडशे नॅनोमीटरच्या आसपास. दूध पांढरं दिसतं ते बरंचसं त्यांच्यामुळे. तूप-तेल पचवताना पित्तरस चरबीचे याहून बारीक पुंजके करतो, नाही केले तर चरबी आत शिरणारच नाही. इतकंच कशाला, आपलं आतडं स्वतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचे नॅनोकण बनवतं आणि त्यांच्यावर अन्नातले, जंतूंचे अंश लादून रोगप्रतिकारक पेशींकडे पोचवतं. हे २०१५ मध्ये उलगडलं. बारीक कण आतड्याला पाहुणे नाहीत. प्रश्न असतो कण कशाचा, किती, आणि म्यूकसचा थर शाबूत आहे की नाही याचा.

म्यूकसचा थर शाबूत राहावा म्हणून काय खायचं?

भाजी, डाळ, उसळ, भाकरी. उत्तर एवढं साधं आहे की लोकांचा विश्वास बसत नाही.

मोठ्या आतड्यातल्या जंतूंना तंतू म्हणजे फायबर लागतं. ते आंबवून जंतू ब्युटिरेट नावाचं आम्ल करतात आणि अस्तराच्या पेशी त्यावर जगतात. फायबर मिळालं नाही तर जंतू उपाशी बसत नाहीत, ते म्यूकसच खायला लागतात. २०१६ मध्ये मिशिगन विद्यापीठात उंदरांना बिनतंतूंचं खाणं देऊन हे पाहिलं गेलं: म्यूकस पातळ झाला आणि रोगकारक जंतूंना वाट मोकळी मिळाली. म्हणून 'नॅनोकण टाळायचे' म्हणून ज्वारीची खरपूस भाकरी सोडून पांढरा ब्रेड धरणाऱ्या आमच्या एका शेजारीणबाईंना मी हात जोडले. भाकरीतल्या चार काळ्या ठिपक्यांसाठी त्यांनी घराचं छप्परच काढून टाकलं होतं.

खरपूस आणि करपलेलं यात सीमा कुठे आहे?

रंगात आहे. सोनेरी, बदामी, तांबूस इथवर खरपूस. गडद तपकिरी झालं की सावध व्हा. काळं म्हणजे करपलं.

भाजताना जो रंग आणि वास येतो तो मायार प्रक्रियेचा. फ्रेंच वैज्ञानिक लुई-कामी मायार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. साखर आणि अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) तापून एकत्र येतात आणि शेकडो नवे पदार्थ होतात. थालीपिठाची भाजणी, कांदा-खोबऱ्याचं वाटण, भाजलेला रवा, ब्रून पावाचं कवच, सगळी तिचीच लेकरं. यातले मेलनॉइडिन नावाचे तपकिरी पदार्थ बरेचसे न पचता मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जंतू ते काही प्रमाणात आंबवतात, म्हणजे जवळपास फायबरसारखे वागतात. भाजणं म्हणजे वाईटच, असं समीकरण म्हणून बसत नाही.

याच प्रक्रियेत एक नको असलेलं लेकरूही जन्मतं: ॲक्रिलामाइड. हा कण नाही, रेणू आहे, कणापेक्षा खूपच लहान. पण लोक दोन्ही एकाच पोत्यात भरतात म्हणून सांगते. साधारण १२० अंश सेल्सिअसच्या वर पिष्टमय पदार्थात ते होतं. ते अन्नात असल्याचं २००२ मध्ये स्वीडनमध्ये उघड झालं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ पासून त्याला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलंय. हा गट प्राण्यांवरच्या प्रयोगांमुळे आहे. माणसांच्या आहाराच्या पाहण्यांत चित्र एकसारखं आलेलं नाही. उकडण्यात आणि वाफवण्यात तापमान १०० च्या आसपास राहतं, म्हणून भात, इडली, उकडीचे मोदक, अळूवड्यांचे न तळलेले उंडे यांत ॲक्रिलामाइडची चिंता नाही. कुकरमध्येही तापमान १२० च्या जवळच थांबतं आणि पाणी भरपूर असतं.

आता घरातली परीक्षा. पिठलं झालं की पातेल्याच्या बुडाशी खरवड धरते. आमच्याकडे त्यावर भांडणं होतात. मी चमच्याने उचलून उजेडात धरते. कडा तांबूस आणि कुरकुरीत निघाली तर ज्याच्या नशिबी त्याची. मध्यभागी काळा गोल पट्टा दिसला की तेवढा भाग मोरीत. खाताना जिभेच्या मागे कडू लागलं तर तो कडवटपणा खोटं बोलत नाही.

भाकरी आणि फुलक्यावरचे काळे डाग?

दोन-चार ठिपक्यांनी काही होत नाही. नखाएवढा कोळसा झाला असेल तर खरवडून टाका. जाळीवर थेट ज्योतीत धरण्याऐवजी तव्यावर कापडाने दाबून फुगवला की डाग कमी पडतात, पण फुलका जाळीवरच छान होतो हेही मला मान्य आहे.

वांग्याचं भरीत?

साल काढून टाकता ना? मग झालं. राखेचे कण राहिले तर ओल्या हाताने पुसा.

बटाट्याच्या काचऱ्या, चिप्स? पोराला दुसरं काही चालत नाही.

बटाट्यात ॲस्पॅराजिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर, आणि वर साखर. म्हणून ॲक्रिलामाइड इथे सर्वांत सहज होतं. तीन गोष्टी करा. तळायचे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने त्यातलं पिष्ट साखरेत बदलतं आणि काचऱ्या लगेच काळपटतात. चिरल्यावर पाव-अर्धा तास पाण्यात भिजवा, मग निथळून, पुसून तळा. आणि सोनेरी झाल्या की काढा, 'अजून थोडं' करू नका. युरोपीय महासंघाने पाकिटातल्या चिप्ससाठी किलोमागे ७५० मायक्रोग्रॅम हा ॲक्रिलामाइडचा मापदंड ठेवलाय, आणि कंपन्या तो मुख्यतः याच युक्त्यांनी गाठतात. त्यात गुप्त असं काही नाही.

वडापावच्या गाडीवरच्या कढईतला चुरा खावा का?

माझा सर्वांत आवडता प्रश्न, कारण विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर अपराधी भाव असतो.

कढईत काय होतं ते जवळून बघा. वडा सोडला की बेसनाचे थेंब सुटतात. ते तेलात नाचत वर येतात, काही सेकंदांत पिवळ्याचे सोनेरी होतात. चांगला गाडीवाला प्रत्येक घाण्यानंतर झारा फिरवून ते काढून बाजूच्या ताटात टाकतो. हा चुरा ताजा, सोनेरी, कुरकुरीत. पावात लाल चटणीबरोबर घातला तर मी नाही म्हणणार नाही. जो चुरा निसटून तळाशी बसतो तो मात्र तिथेच संध्याकाळपर्यंत भाजत राहतो. तांबडा, मग तपकिरी, मग काळी वाळू. ही काळी वाळू नंतरच्या वड्यांना चिकटून येते आणि त्याहून वाईट म्हणजे तेल लवकर सडवते.

तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल मोडून झालेले नको ते पदार्थ, वाढतात. एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. त्यापुढे ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. ते गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची योजनाही त्याच वर्षी आली. गाडीवर यंत्र लावून कोण बघणार? तुम्ही डोळ्यांनी बघा: तेल काकवीसारखं दाट आणि काळपट, वर न फुटणारा फेस, आणि वडा टाकण्याआधीच धूर येत असेल, तर पुढच्या गाडीवर जा. मुंबईत पुढची गाडी लांब नसते.

घरच्या तळणाचं उरलेलं तेल थंड झालं की मलमलच्या फडक्यातून गाळा, तळाचा गाळ टाकून द्या आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत फोडणीत संपवा.

वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला वडापाव?

नको. शाईत रंग आणि शिशासारखे जड धातू असू शकतात, आणि गरम तेलकट पदार्थ ते ओढून घेतो. एफएसएसएआयने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये हे बजावलंय. घरी पुऱ्या-भजी पेपरवर निथळत ठेवणं हेही त्यातच आलं.

पार्सलचं प्लास्टिक खरंच एवढं वाईट का?

इथे माझा सूर बदलतो. भाकरीच्या ठिपक्यांबद्दल मी तुम्हाला शांत करते. गरम अन्न आणि प्लास्टिक याबद्दल नाही.

एकदा पावसात घरी ताप होता म्हणून जवळच्या एका हॉटेलातून इडली-सांबार मागवलं. सांबार पातळ पिशवीत, तोंडाला दोरा. पिशवी हातात घेतली तर सैल पडलेली, फुग्यातली हवा गेल्यावर लोंबतो तशी, आणि दोऱ्याजवळ पांढुरकी झालेली. सांबाराला मेणबत्तीसारखा वास. मी ते तसंच ओतून दिलं. महाराष्ट्रात पातळ पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे, हे मी हॉटेलवाल्याला सांगितलं. त्याने पुढच्या वेळी दोन पिशव्या घातल्या.

आता आकडे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाने बाळांच्या खाण्याचे प्लास्टिक डबे मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटं तापवले. काही डब्यांच्या केवळ एक चौरस सेंटिमीटर पृष्ठभागातून ४० लाखांहून जास्त मायक्रोकण (नॅनोकणांपेक्षा मोठे, तरी बारीकच) आणि २०० कोटींहून जास्त नॅनोकण सुटले. फ्रिजमध्ये ठेवलेल्या डब्यांतूनही सुटतात, पण गरम करणं सर्वांत वाईट. आयआयटी खरगपूरने २०२० मध्ये कागदी कप तपासले. त्यांना आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो. पंधरा मिनिटं गरम पाणी ठेवलं तर १०० मिलीलिटरमध्ये सुमारे २५ हजार मायक्रोकण आले. कटिंग पिणारा पंधरा मिनिटं थांबत नाही म्हणा, पण काचेचा ग्लास मिळत असेल तर तोच मागा.

प्लास्टिकच्या टी-बॅगमधून एका कपात ११६० कोटी मायक्रोकण, हा कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाचा २०१९ चा आकडा तुमच्यापर्यंत आला असेलच. त्यावर नंतर आक्षेप आला की वाळवताना जमलेले स्फटिकही कण म्हणून मोजले गेले असावेत. आकडा खाली येऊ शकतो. फडक्याच्या गाळणीने चहा गाळणाऱ्याला मात्र दोन्ही बाजूंशी कर्तव्य नाही.

आणि आतड्याचं? चीनमध्ये २०२१ च्या शेवटी एक पाहणी आली. आतड्याच्या दाहक आजाराच्या रुग्णांच्या मलात एक ग्रॅम सुक्या वजनामागे सरासरी ४१.८ प्लास्टिक कण, निरोग्यांत २८. हे वाचून उडी मारू नका. कणांमुळे आजार की आजारी आतड्यात कण जास्त अडकतात, ते या पाहणीतून ठरत नाही. पण गरम वरण स्टीलच्या डब्यात न्यायला पुराव्याची वाट बघायची गरज काय? या शहरात डबेवाले शंभराहून जास्त वर्षं जेवण पोचवतायत.

नॉनस्टिक तवा घासला गेलाय. टाकू?

टाका, पण घाबरून नको. खरवडून निघालेला लेपाचा तुकडा पोटात गेला तर बहुतेक जसाच्या तसा बाहेर पडतो. धोका रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरण्यात आहे. साधारण २६० अंशांच्या पुढे लेप खराब व्हायला लागतो, आणखी तापला तर त्याची वाफ त्रासदायक.

लोखंडी तवा-कढई उत्तम, थोडं लोह मिळतं. ॲल्युमिनियममध्ये चिंच, कोकम, टोमॅटो फार वेळ शिजवू नका आणि ठेवू तर नकाच. पितळेला कल्हई हवी. कल्हईवाला आता आमच्या गल्लीत येत नाही, भांडीच घेऊन त्याच्याकडे जावं लागतं.

पाकिटावर घटकांच्या यादीत पदार्थांचे क्रमांक असतात, त्यांतले कोणते बघायचे?

१७१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, पांढरा रंग. त्यातला काही भाग नॅनो आकाराचा असतो. २०१७ मध्ये फ्रान्समध्ये उंदीर-घुशींच्या जातीतल्या प्राण्यांना शंभर दिवस तो दिला तेव्हा आतड्यात कर्करोगाआधीचे बदल दिसले. फ्रान्सने २०२० पासून तो अन्नात बंद केला, युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये तो सुरक्षित मानता येत नाही असं सांगितलं आणि २०२२ मध्ये सगळ्या युरोपीय महासंघात बंदी आली. च्युइंगगम, गोळ्यांचं पांढरं कवच, केकवरची सजावट इथे शोधा. खाण्यात तो पोषणासाठी नसतो, नुसता दिसण्यासाठी असतो, म्हणून टाळल्याने तुमचं काहीच बुडत नाही.

५५१ म्हणजे सिलिका. मीठ, मसाला, सूप पावडर यांच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. प्रमाण थोडं असतं, मी त्यावर झोप उडवत नाही. पावसाळ्यात मिठात तांदळाचे दाणे टाकले तरी भागतं.

४६६ आणि ४३३ हे कण नव्हेत, मिश्रण एकजीव ठेवणारे पदार्थ, पण म्यूकसशी त्यांचा थेट संबंध आहे. २०१५ मध्ये उंदरांत या दोन्हींनी म्यूकस विस्कळीत होऊन दाह वाढलेला दिसला. मग २०२२ मध्ये १६ निरोगी माणसांवर ४६६ चा प्रयोग झाला: काहींना रोज १५ ग्रॅम, अकरा दिवस. घेणाऱ्यांच्या आतड्यातल्या जंतूंची विविधता घटली आणि दोघांत जंतू म्यूकसच्या आतल्या थरात शिरलेले आढळले. १५ ग्रॅम हे खूप झालं, कुल्फीच्या एका काडीत त्याचा बारीकसा अंश असतो. रोज तीन प्रकारचं पाकीटबंद खाणं असेल तर मात्र मोजा.

मिठाईवरचा चांदीचा वर्ख?

दिवाळीच्या दोन काजूकतल्यांनी काही होत नाही. तो चांदीचाच आहे का ते बघा. बोटात चोळला की चांदीचा वर्ख भुकटी होऊन विरतो. ॲल्युमिनियमचे बारीक तुकडे होतात.

शिळा भात आतड्याला चांगला म्हणतात. खरं?

थंड झालेल्या भातातलं काही पिष्ट घट्ट रचना धरतं आणि लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातल्या जंतूंना ते फायबरसारखं मिळतं. गरम केल्यावरही त्यातलं काही टिकतं. म्हणजे सकाळच्या फोडणीच्या भाताला शास्त्राचा आधार आहे.

पण भात रात्रभर ओट्यावर राहता कामा नये. बॅसिलस सिरीयस या जंतूचे बीजाणू शिजूनही जगतात आणि मुंबईच्या उकाड्यात भराभर वाढतात. त्यांचं उलटी करवणारं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. पसरट भांड्यात लवकर निववा आणि दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवा. नॅनोकणांनी आजारी पडलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही, ओट्यावरच्या भाताने मात्र आख्खं घर आडवं झालेलं पाहिलंय.

आतडी साफ करायचा काढा किंवा डिटॉक्स घेऊ का?

अस्तर दर तीन-पाच दिवसांनी स्वतः बदलतंय. त्याला बदलू द्या.

माझं पोट सारखं बिघडतं. हे याच कणांमुळे असेल का?

बहुधा नाही. आधी वेळी-अवेळी खाणं, दूध न पचणं, पाण्यातले जंतू, ताण, गोळ्या हे बघावं लागतं. मलात रक्त, विनाकारण वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, अंगातलं रक्त कमी होणं, किंवा पन्नाशीनंतर पोटाच्या सवयी अचानक बदलणं यांपैकी काही असेल तर हे पान बंद करा आणि डॉक्टरांकडे जा.

पाणी उकळलं की प्लास्टिकचे कण जातात का?

काही जातात. २०२४ मध्ये चीनमध्ये केलेल्या प्रयोगात जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, पाणी उकळल्यावर कॅल्शियमचा पांढरा थर बसतो, त्यात कण अडकतात आणि गाळल्यावर ९० टक्क्यांपर्यंत कमी होतात असं दिसलं. हलक्या पाण्यात साधारण पाव भागच कण कमी होतात, आणि मुंबईला तानसा, भातसा, वैतरणा या तलावांतून येणारं पाणी हलकंच असतं. किटलीत पांढरा थर धरत नसेल तर समजून घ्या. पावसाळ्यात जंतूंसाठी म्हणून जरूर उकळा, आणि निवायला ठेवाल ते पातेल्यात किंवा माठात. गरम पाणी प्लास्टिकच्या बाटलीत भरून ठेवाल तर निम्मी मेहनत तिथेच गेली.